मागून आलेल्याने मागे सरायचे

आदरणीय दत्तात्रय भालेराव साहेबांची आणि माझी पहिली भेट हिंगोलीच्या टेलिफोन कार्यालयात झाली. मोबाइल तेव्हा जिल्ह्यात नुकताच येऊ घातला होता. मी नवी पदवी आणि तिचा नवाकोरा तोरा घेऊन रुजू झाले होते. साहेबांनी माझी प्रमाणपत्रे बाजूला सारली आणि विचारले, "पाटीलबाई, मेंढरं कधी जवळून पाहिलीत का?" मी मनात म्हटले, कुठे येऊन पडले मी!

दुसऱ्या दिवशी त्यांनी जवळा बाजारच्या रस्त्याला जीप थांबवली आणि चरणारे कळप दाखवले. साहेब मेंढपाळाच्या घरातले, घरातले पहिले इंजिनिअर. ते म्हणाले, मेंढरांच्या पाठीवर खूण करायला रंग मोजकेच, कळप मात्र गावोगाव. म्हणून शेजारच्या गावांनी एकच रंग लावायचा नाही. चार गावे सोडून पलीकडच्याने खुशाल लावावा, ते कळप एकमेकांत मिसळत नाहीत. टॉवरचेही तसेच असते. आपल्या वाट्याला फ्रिक्वेन्सी मूठभर आणि टॉवर पुष्कळ, तेव्हा तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरावी लागते. पण पुरेसे अंतर सोडून, नाहीतर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या पायात येते आणि फोन तुटतो. पुस्तकात एकेका टॉवरचा टापू दाखवणाऱ्या षटकोनांशी माझे तोवर फारसे जमले नव्हते, ते त्या दिवसापासून जमू लागले.

साहेबांचा नकाशावर विश्वास बेताचाच. योजना कागदावर कितीही देखणी असो, फोन चालू ठेवून जीपने सगळा भाग फिरल्याशिवाय ते सही करत नसत. आखाडा बाळापूरकडच्या टॉवरांची आखणी त्यांनी मला करायला दिली. त्यातली निम्मी तर त्यांनीच दुरुस्त केली होती. वरिष्ठ पाहणीला आले आणि वाहवा करू लागले, तेव्हा साहेब म्हणाले, "काम बाईंचं आहे. मी नुसता जीपमध्ये बसलो होतो." त्या वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षे ताठ मानेने नोकरी केली.

पण साहेबांची खरी उंची मला दिसली ती सिद्धेश्वर धरणाच्या प्रकरणात. धरणाच्या अलीकडे एक टॉवर आधीपासून होता. पलीकडच्या काठावर, साहेबांच्याच गावात, दुसरा उभा राहिला. गावाने पेढे वाटले. दोन्ही टॉवरांना एकच फ्रिक्वेन्सी दिली होती, कारण अंतर हिशेबात बसत होते. टॉवर सुरू झाला आणि दोन्ही काठांचे फोन तुटू लागले. मध्ये ना झाड ना टेकडी, मोकळ्या पाण्यावरून लहरी भलत्याच लांब जात होत्या. साहेबांनी भर बैठकीत सांगितले, "चूक माझी आहे. कळप कितीही लांबचे असोत, पाण्यावर एकत्र येतात. मेंढपाळाच्या पोराला हे सुचायला पाहिजे होतं."

बदलून द्यायला मोकळी फ्रिक्वेन्सी शिल्लक नव्हती. एका टॉवरची ताकद कमी करून त्याचा अँटेना खाली झुकवणे, एवढाच मार्ग होता. कोणत्या टॉवरची, ते वरिष्ठांनी साहेबांवर सोपवले. साहेबांनी आपल्या गावचा टॉवर निवडला. गावात फोन चालणार होता, पण गावाबाहेरच्या शेतांवर रेंज जाणार होती. तिथल्याच एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, त्यांचे धाकटे भाऊ किसनराव आईला घेऊन राहत. टॉवर आल्यापासून साहेब रोज संध्याकाळी आईला फोन करत.

किसनराव तडक कार्यालयात आले. "दादा, काहून असं करून राहिले तुमी? त्या काठाची कमी करा ना. माय फोनची वाट पाहत बसती."

"किसन, एका रंगाचे दोन कळप पाण्यावर आले तर काय करायचं?"

"मागून आलेल्यानं मागं सरायचं," किसनराव खाली बघत म्हणाले.

"आपला टॉवर मागून आला."

"मेंढरांचं ठीक हाय. मायला काय सांगू?"

साहेबांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. किसनराव चहा न घेताच गेले. अँटेना झुकवायला साहेब स्वतः उभे राहिले. दोन्ही काठांवर फोन खणखणीत चालू लागले आणि त्यांच्या आईच्या उशाचा फोन गप्प झाला. मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला आणि त्यांच्यासाठी फार वाईटही वाटले.

त्या आठवड्यापासून साहेब दर रविवारी एसटीने आखाड्यावर जाऊ लागले. पुढे जादा फ्रिक्वेन्सी मिळाल्या, तेव्हा मी स्वतः त्यांच्या गावची आखणी केली आणि रेंज आल्याची बातमी द्यायला हौसेने आखाड्यावर गेले. किसनराव हसतमुखाने पुढे आले. त्यांचा राग केव्हाच निवळला होता. मी आईंना म्हटले, "आजी, आता साहेबांचा फोन रोज येईल."

आजींनी मला जवळ बसवून घेतले. "कशाला ग बाई? आदी आवाज यायचा. आता लेकरू येऊन राहिलंय. तुझा फोन लागला, तर ते यायचं बंद व्हईल."

मी हे साहेबांना जसेच्या तसे सांगितले. ते खिडकीकडे वळून चष्मा पुसत राहिले. आजी होत्या तोवर त्यांचा एकही रविवार चुकला नाही, आणि आजींनी तो फोन पुन्हा उशाशी घेतला नाही.

साहेब आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेले आम्ही आज गावोगावी विखुरलो आहोत आणि फोनवर शुभेच्छा देणे आम्हाला सहज जमले असते. पण नुसता आवाज पाठवण्यापेक्षा स्वतः जावे, हे आमचे गुरू आम्हाला शिकवून बसले आहेत. साहेब, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. चहा टाकून ठेवा, आम्ही येतो आहोत.