डब्यातली लाल माती

आमच्या घराला अंगण नव्हतं. दिग्रसच्या ज्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी फिटर होतो, तिच्याच मागच्या भिंतीला लागून आमच्या दोन खोल्या होत्या आणि दारापासून सहा पावलांवर सरकीचा ढीग. हंगामात रुईचे तंतू उडत यायचे ते भातावर, पांघरुणावर, देवाच्या फोटोवर, सगळीकडे. बायको घाटंजीकडची, शेतातल्या घरात वाढलेली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं तेलाच्या डब्यात कोथिंबीर लावली, तर महिनाभरात ती पांढरी झाली. नंतर तिनं काही लावलं नाही, आणि त्याबद्दल तक्रारही केली नाही. तिनं तक्रार केली असती तर मला सोपं गेलं असतं, कारण भांडता मला चांगलं येतं.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बोंडअळीनं पऱ्हाटीची बोंडं पोखरली, भाव पडला, लोक सोयाबीनकडे वळले आणि गावातल्या जिनिंगा एकेक करून बंद पडत गेल्या. आमची चालू होती म्हणजे दिवाळीनंतर दोन-अडीच महिने घरघरायची. उरलेले दिवस मी कुलूप उघडून आत जायचो आणि बंद यंत्रांना तेल घालत हिंडायचो. त्याच्याइतकं एकटं काम मी दुसरं केलेलं नाही. कबुतरंसुद्धा तिथं थांबत नसत.

मला काम शिकवलं ते एका मुसलमान मेकॅनिकनं. सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणायचं, मीही म्हणायचो. यंत्राजवळ न जाता, फाटकातून नुसता आवाज ऐकून ते कुठला रोलर घासलाय ते सांगत. एका सकाळी त्यांनी मला त्यांच्या दुकानात बसवून चहा पाजला. आफ्रिकेत, टांझानियात, एका गुजराती शेठची जिनिंग होती आणि त्याला फिटर हवा होता.

"अपनी तो उमर गई," उस्ताद म्हणाले. "तू जाय बाबू. बालबच्चे घेऊन जाय. खेडं हाय, घर देते, घरामागं जमीन देते. इथं काय करून राह्यला? गंजलेल्या मशिनीले तेल पाजून राह्यला."

शेठची अट साधी होती. पहिला हंगाम एकट्यानं येऊन सगळं बघायचं आणि परत जाऊन दसऱ्यापर्यंत कळवायचं. कुटुंब येणार असेल तर गावाबाहेरचं घर आणि त्यामागची जमीन फिटरची. एकटा येणार असेल तर जिनिंगच्या आवारातली एक खोली. घर एकट्या माणसाला मिळत नसे. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं विचारलं की तिथं सायकल चालवता येते का. बायकोनं मात्र एकच विचारलं.

"माती कशी हाय तिथली?"

तिच्या माहेरची रीत होती. नवं शेत घ्यायचं असो की मक्त्यानं करायचं असो, आधी तिथली माती आणून नवरात्रात घटाला घालायची. परडीत माती पसरून त्यात गहू-ज्वारी पेरायची, मधे पाण्याचा घट ठेवायचा आणि दसऱ्याला कोंब किती वर आले ते बघून काय ते ठरवायचं. तिच्या बापानं दोन चांगली दिसणारी वावरं अशानं सोडून दिली होती. मी हसलो तेव्हा ती म्हणाली, "तुमी मशिनीचा आवाज आयकून सांगता ना? आमी कोंबावरून सांगतो." निघताना तिनं चहापत्तीचा रिकामा डबा माझ्या पिशवीत घातला. "याल तवा भरून आणजा."

तिथं मी चार महिने राहिलो. जिनिंगचा आवाज अगदी दिग्रससारखाच, इतका की डोळे मिटले तर बायको जेवणाचा डबा घेऊन येईल असं वाटायचं. डोळे उघडले की समोर कोणी नसायचं. काम करणारी माणसं चांगली होती, सकाळी भेटली की "हबारी" म्हणून हात पुढे करायची. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझी. दुपारनंतर यंत्रं थांबली की मी ओट्यावर बसायचो आणि यंत्रांशीच वऱ्हाडीत बोलायचो. "काहून वं, आज लय कुरकुर करून राह्यली?" असं मी एका जिन-मशीनला रोज विचारायचो. एकदा पहारेकऱ्यानं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी औषधाचा पाला आणला.

रविवारी मी ते घर बघायला जायचो. पत्र्याचं छप्पर, तीन खोल्या, मागं एक आंबा, दोन पपया आणि थेट ओढ्यापर्यंत उतरत गेलेली लाल जमीन. आधीच्या फिटरच्या बायकोनं शेवगा लावलेला, तो शेंगांनी लगडला होता. शेजार नव्हता, सगळ्यात जवळचं घर हाकेच्याही पलीकडे. मला तो मोकळेपणा अंगावर यायचा. पण तिचा विचार केला की वाटायचं, ही इथं पहाटे उठून आधी मागच्या दारी जाईल. मी घर झाडायला लागलो. कोणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी सुतळी घेऊन मी घर मोजलं, गाठी मारून: स्वयंपाकघर केवढं, दार केवढं, मुलीची खाट कुठं बसेल, ओटा बायकोच्या कमरेला येईल का. बायको बुटकी आहे. त्या सुतळीची गुंडाळी मी हत्यारांच्या पेटीत ठेवली.

बायको दर पंधरवड्याला दिग्रसमधल्या एसटीडी बूथवर फोनला यायची. तिथं मिनिटं मोजली जातात, त्यामुळं बोलणं काटकसरीचं.

"माती लाल हाय," मी म्हणालो.

"हातात घेतली तं कशी लागते? ओल धरते काय?"

मला सांगता येईना. जन्मभर लोखंड हातात घेतलेला माणूस मी, मातीतलं काय कळणार. "चांगली हाय," एवढंच म्हणालो. त्या चार महिन्यांत मला एक गोष्ट नीट कळली होती: त्या दोघी आल्या तर मी तिथं राहू शकतो, नाही आल्या तर नाही. हे मी फोनवर बोललो नाही. कसं बोलतात ते ठाऊक नव्हतं.

निघायच्या दिवशी शेवग्याखालची माती डब्यात दाबून भरली. मुंबईला विमानतळावर एका साहेबानं डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाला, परदेशातली माती आत नेता येत नाही. मी त्याला घट, नवरात्र, सासऱ्याची वावरं, सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, माती एका पिंपात ओतली आणि डबा पुसून परत दिला. तो त्याच्या जागी बरोबर होता, त्यामुळं रागही धरता येईना.

रेल्वेत, मग यवतमाळहून दिग्रसच्या बसमध्ये, मी तो रिकामा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. खरं सांगावं असं मनात होतं. पण तिचा चेहरा आठवायचा. चार महिने ती एका डब्याची वाट पाहत होती, आणि दसरा पंधरा दिवसांवर होता. दारव्ह्यापुढे बस चहाला थांबली. समोर रस्त्याच्या कामासाठी मुरुमाचा ढीग टाकलेला, लालभडक. मी खाली उतरलो, इकडेतिकडे पाहिलं आणि डबा भरून घेतला. मनात म्हटलं, लाल ती लाल. मशीनवाल्याची अक्कल.

तिनं डबा उघडला, चिमूट घेतली, बोटांत चोळली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढत होतो. "हे तिथलीच ना?" तिनं विचारलं. "मंग कुठली?" मी म्हणालो.

घट बसला. तिच्याशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही, पाणीही तिनंच घालायचं. मुलगी रोज शाळेत जाताना बोट लावून कोंब मोजायची. तिसऱ्या दिवशी कोंब आले ते दोऱ्याइतके बारीक. चौथ्या दिवशी पिवळे. देवीच्या घटात मी रस्त्याचा मुरूम घातला होता आणि त्या मुरुमावर आमचं पुढचं आयुष्य पेरलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेलेली बघून मी शेजारच्या कास्तकाराकडून आणलेला चिमूटभर युरिया परडीत टाकला. पऱ्हाटी पिवळी पडली की लोक हेच करतात, एवढं मला माहीत होतं. किती टाकतात ते माहीत नव्हतं. दोन दिवसांत कोंबांची टोकं करपली आणि दसऱ्याला परडीत तुडवल्यासारखं वाळकं गवत होतं.

उस्तादांना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "भाभीले सच बोलून टाक. मिट्टी खोटी निघाली, तू तं खोटा नाई ना?" मी नऊ दिवस रोज ठरवायचो आणि रोज राहून जायचं. मुरुमाचं सांगितलं असतं तर मग घर, आंबा, ओढा, शेवगा, यातलं तिनं काय खरं मानलं असतं? असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे मी भित्रा होतो.

दसऱ्याच्या दुपारी तिनं परडी उचलली. "मी नाई येत," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पोरीची शाळा हाय. तुमी जा."

"एकटा?"

"मंग काय झालं. काम तं तुमचं हाय."

मी तिथंच तोंड उघडायला हवं होतं. त्याऐवजी मला राग आला. वाटलं, चार वाळक्या काड्यांसाठी ही माझी सोबत सोडतेय. मी शेठला फोन करून सांगितलं की आवारातली खोली चालेल.

सहा वर्षं गेली. वर्षातले नऊ महिने तिकडे आणि तीन इकडे, पाहुण्यासारखे. दुसऱ्या वर्षी त्या घरात गुजरातचं एक कुटुंब आलं आणि मी रविवारी तिकडे जाणं बंद केलं. एका वर्षी हंगाम लांबला आणि नवरात्र तिकडेच आलं. मी खोलीत ताटलीत तिथलीच लाल माती घेऊन गहू पेरले. नवव्या दिवशी ते वीतभर झाले, हिरवेगार, ताठ. आपल्याकडे दसऱ्याला ते कोंब बायकांच्या केसांत माळतात, गड्यांच्या टोपीत खोवतात. माझ्या खोलीत आरसाही नव्हता. मी ते पहारेकऱ्याच्या बकरीला घातले.

दिग्रसची जिनिंग त्या काळात बंद झाली, ती यंत्रं भंगारात गेली. बायको मुलीला घेऊन घाटंजीजवळ भावाच्या शेतावरच्या घरी राहायला गेली. शेवटी तिकडची जिनिंगही शेठनं विकली आणि मी कायमचा त्या घरी परत आलो, जिथं मला चहाचा कप कुठं ठेवतात तेही विचारावं लागे. मुलगी दहावीत होती. ती मला "तुम्ही" म्हणायला लागली होती.

घटस्थापनेच्या सकाळी बायको बांधावर माती काढायला बसली, मी परडी धरून उभा. काळीभोर माती, ओली. तिचे हात त्यात मनगटापर्यंत होते. मी म्हणालो, "त्या वर्षीची माती तिथली नव्हती."

ती ढेकूळ फोडत राहिली. "माहीत हाय मले. मुरूम व्हता. कास्तकाराची पोरगी हावो मी, मुरूम वळखू नाई येत?"

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी काहून नाई बोलले? मी नऊ दिवस वाट पाह्यली." ती थांबली. "पाचव्या दिवशी तुमाले युरिया टाकतानी पाह्यलं मी, दाराच्या फटीतून. तवा समजली. तुमाले आमाले न्यायचंच नाई. तोंडानं सांगता येत नाई म्हून कोंब जाळून राह्यले. मंग मी कायले अडून बसू."

परडी माझ्या हातात जड झाली. "जगवाले टाकला व्हता मी," मी म्हणालो. "पिवळे पडून राह्यले व्हते म्हून."

"जगवाले?"

"हो."

तिनं वर पाहिलं. तिचे केस कानाजवळ पांढरे झालेत हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. विमानतळावरच्या पिंपापासून बकरीपर्यंत मी तिला सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. पिंपाच्या गोष्टीला ती थोडं हसली, मग हसणं राहिलं. मी घरात जाऊन हत्यारांची पेटी उघडली आणि तळातली सुतळी आणून तिच्यापुढे धरली. तिनं हात पदराला पुसले आणि पहिली गाठ चिमटीत घेतली.

"हे काय?"

"स्वयंपाकघर. या भिंतीपासून त्या भिंतीलोक."

"अन् हे?"

"पोरीची खाट."

"हे?"

"ओटा. तुह्या कमरेले येते का पाह्यलं व्हतं."

ती उठली. त्या गाठीकडचं सुतळीचं टोक पायाखाली दाबलं आणि गाठ वर ओढून धरली. गाठ बरोबर तिच्या कमरेशी आली.

"येते," ती म्हणाली. मग खाली बसली, सुतळी मांडीवर ठेवली आणि परडीत माती भरायला लागली.