क्लीनर साइड

डाव्या पायातली चप्पल अंगणात राहिली आणि नवरा तसाच पुढे छपरीत आला. मी भाजी निवडत बसले होते. उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा, आणि या माणसाला त्याचा पत्ताच नाही. तो पंख्याखाली बसला, पाणी प्याला, यंदा धान कापायला माणसं मिळतील की नाही यावर बराच वेळ बोलला. मी हो-हो करत त्याच्या पायाकडे बघत होते. मग त्यानेही खाली बघितलं. उठून अंगणातून चप्पल आणली आणि "पट्टा ढिला झाला वाटते," म्हणाला. तो आंघोळीला गेल्यावर मी पट्टा ओढून बघितला. चांगला घट्ट होता.

तेव्हापासून मी त्याच्या पायावर नजर ठेवायला लागले.

नवऱ्याला मी समोर ‘अहो’ म्हणते, लिहिताना तेवढी अदब ठेवत नाही. लग्न झालं तेव्हा तो वडशाहून तांदळाचे ट्रक न्यायचा. पुढे कोळसा खाणीत डंपरवर लागला आणि आम्ही माजरीला क्वार्टरमध्ये राहायला गेलो. मी तिथल्याच एका शाळेत शिकवत होते. दोघांच्या नोकऱ्या संपल्यावर सिंदेवाहीला परतलो, कारण त्याला बापाची धानाची शेती स्वतः करायची होती. शेत जंगलाच्या पल्याड आहे. मधल्या रस्त्यावर वाघ आहे, त्यामुळे पायी कोणी जात नाही आणि मोटारसायकलवर जायची माझी छाती नाही. म्हणून चारही चाकांना जोर असलेली एक जुनी जीप घेतली. नाल्यातले गोटे, बांधाचा चिखल, सगळं ती पार करते. आत बसलेल्या माणसाचं काय होतं याची मात्र तिला काही पडलेली नाही. समोरच्या दोन सीटा म्हणजे फळीवर ताणलेलं रेक्झिन. नवरा खांद्यावरचा दुपट्टा काढायचा, त्याची घडी कंबरेमागे ठेवायचा आणि गाडी सुरू करायचा.

ट्रकवाल्यांच्या बोलण्यात डावी-उजवी नसते. ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड असते. जीप आल्यापासून मी क्लीनर झाले. शेताचं फाटक उघडणं, चाकासमोरचा गोटा बाजूला करणं, गाडी मागे घेताना बाहेर उभं राहून पत्र्यावर थाप मारणं, ही माझी कामं. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे जाऊ दे. सुरुवातीला मी घाबरून तीन-चार मारायची, तर हा ओरडायचा, "अवं क्लीनर, तबला नको वाजवू." सगळा जन्म मुलांना शिकवण्यात गेला आणि म्हातारपणी ही पदवी मिळाली. पण मला ती आवडायची, हे त्याला माहीत होतं.

चपलेनंतर मी त्याला नागपूरला नेलं. नेलं म्हणजे भांडून नेलं. मणक्यातली गादी सरकून नस दबली आहे, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन करावं लागेल, आणि तोपर्यंत पाठीला धक्के बसता कामा नयेत. पायाचं कळणं परत येईल का, असं मी विचारलं. आधी दाब तर काढू, असं ते म्हणाले. हे उत्तर नव्हतं, हे मला कळलं. नवऱ्याने या सगळ्यातलं आपल्या सोयीचं तेवढं उचललं. परतीच्या गाडीत म्हणाला, "धान घरात येऊ दे, मंग ऑपरेशन पाहू. तवरक जीपच्या सीटा बदलवू."

मी ते धरून बसले. ऑपरेशनची मला भीती वाटायची, नसेचं मी काही करू शकत नव्हते, पण सीट बदलता येत होती. मग मी सीटांच्याच मागे लागले. टेकणीचा फुगवटा नेमका कंबरेच्या खोलगटीत यावा, मांडीला खालून आधार हवा, गुडघे कंबरेपेक्षा वर जाऊ नयेत, असं डॉक्टरांकडून पुन्हा फोन करून विचारून घेतलं. घरातल्या खुर्च्यांवर त्याला बसवून बाजूने बघायची. तो म्हणायचा, "माहा फोटो काढून राह्यली काय?" मी हसायची नाही.

सीटा बघायला चंद्रपूरला गेलो. तिथे मोडीत निघालेल्या गाड्यांचं सामान विकणारा एक जण आहे. जीप नवऱ्यानेच चालवली. बसने जाऊ म्हटलं तर, "मंग सीट का डोक्यावर आनू?" वाटेत मी रस्ता बघितलाच नाही, त्याचा डावा पाय बघत होते. आणि एक गोष्ट दिसली. गिअर टाकायच्या आधी हा खाली बघत होता. दर वेळी. क्षणभर रस्ता सोडून पायाकडे नजर, मग क्लच, मग गिअर. ज्या माणसाने इतकी वर्षं एवढाले डंपर हाकले, तो नवशिक्यासारखा पाय बघून गाडी चालवत होता. समोरून कोळशाचे ट्रक येत होते. मी सीटखालचा दांडा धरून ठेवला होता. उतरल्यावर बोटं सरळ व्हायला वेळ लागला. "पाठ दुखली का?" एवढंच विचारलं. खरं विचारायचं धाडस झालं नाही.

दुकानदाराने कडुनिंबाखाली सीटा मांडल्या. जमिनीवर गाडीच्या सीटा आणि त्यावर एक-एक करून बसणारे आम्ही दोघं, बघणाऱ्याला गंमतच वाटली असेल. एक सीट भारी मऊ होती. मला ती पसंत पडली. नवरा उठला, "यात मानूस बुडून जाते, गोट्यावरून गाडी गेली का सीधा खाली आपटते." दुसरी टणक, पण तिला कंबरेला फुगवटा होता. त्यावर तो बराच वेळ बसला, डोळे मिटून. मग उठून मला म्हणाला, "तू बस."

मी बसले. तो बाजूला उकिडवा बसून माझे गुडघे बघायला लागला. टेकणी पुढे घेतली. "मांडीले लागते काय? समोरचं दिसते काय?"

"मले काय विचारता? मी तर बाजूलेच बसनार आहो," मी चिडून म्हटलं. एक तर उन्हाने डोकं तापलेलं, त्यात परत त्याच रस्त्याने जायचं होतं.

"बसायले तूबी बसनारच आहेस नं," तो म्हणाला, आणि त्याच जोडीच्या दोन सीटा घेतल्या. परतीच्या वाटेत तो पाय बघत होता आणि मी त्याला बघताना बघत होते.

सीटा बसवायचं काम सिंदेवाहीतल्या कुशनवाल्याकडे दिलं. जुन्या जीपला या सीटा सरळ बसत नाहीत, खाली लोखंडी चौकट करून, भोकं पाडून घट्ट करावी लागतात. नवऱ्याने त्याला उभ्या-उभ्या सांगितलं, "भाऊ, डायवर साइडची उंच कर आन् पुढं घे. क्लीनर साइडची मांगं ने, पाय लांब झाले पायजे." कुशनवाल्याने मान हलवली.

मी तिथेच उभी होते. नवरा सहा फुटाला जेमतेम कमी. मी वर्गात फळ्याची वरची ओळ लिहायला खुर्चीवर चढणारी बाई. ड्रायव्हरची सीट उंच आणि पुढे केली तर याचे गुडघे स्टिअरिंगला लागतील, हे कोणालाही कळेल. आणि हा डंपर चालवलेला माणूस उलटं सांगत होता. आता याचं डोकंही काम देईनासं झालं का? नस मणक्यातून वर जाते का? रात्री कूस बदलत मी हेच घोळवत होते. झोपेत त्याचा श्वास नीट चाललाय का, तेसुद्धा बघत होते.

सकाळी दूध आणायच्या निमित्ताने मी कुशनवाल्याकडे गेले. म्हटलं, "भाऊ, काल यांनी साइडमंदी गलती केली. डायवर साइडची खाली ठेव आन् मांगं घे. क्लीनर साइडची उंच कर, तिथी मी बसते."

"भाऊ तर डायवर साइड म्हनले, बाई."

"त्यायची तब्येत बरी नाई. तू मी सांगते तसं कर."

तो थोडा घुटमळला, पण शेवटी हो म्हणाला. मी घरी आले ती जरा हलकी होऊन. नवऱ्याला काही सांगितलं नाही, उगाच त्याच्या मनाला लागेल म्हणून. त्याची चूक मी परस्पर निस्तरली, असं वाटून मला बरंच वाटत होतं.

काम झाल्यावर कुशनवाल्याने जीप स्वतःच घरी आणून लावली. काळं रेक्झिन, लाल शिलाई, दिसायला झकास. नवरा आधी क्लीनर साइडला गेला. बसला, आणि गुडघे समोरच्या पत्र्याला टेकले. उतरला. गाडीला वळसा घालून ड्रायव्हर साइडला आला, आत बसला नाही, नुसता हात लावून सीट किती मागे आहे ते बघितलं. मग कुशनवाल्याला म्हणाला, "हे काऊन असं केलं?"

कुशनवाल्याने माझ्याकडे बघितलं.

"मी सांगतलं," मी म्हटलं. "तुम्ही उलटं सांगून राह्यले होते. एवढे उंच तुम्ही, पाय कुठी ठेवले असते?"

नवऱ्याने कुशनवाल्याला चहा पाजला, उद्या-परवा चौकट पुन्हा करून दे म्हणाला, त्याला फाटकापर्यंत सोडून आला. मग मला म्हणाला, "बस तिथी."

"कुठी?"

"डायवर साइडले."

मी चढून बसले. सीट कंबरेला खरंच छान लागत होती. समोर बोनेट दिसत होतं, त्यापुढचं अंगण दिसत नव्हतं. पाय क्लचला पोचवायला मला खाली घसरावं लागलं.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "तुहे पाय पोचते काय आता?"

तेव्हा मला कळलं. चंद्रपूरला तो माझे गुडघे का बघत होता, उंच कोणासाठी आणि पुढे कोणासाठी, सगळं एकदम कळलं. मी स्टिअरिंग धरून तशीच बसले.

"मले पाय कळत नाई," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, दाराच्या कडीशी चाळा करत. "क्लच दाबला का नाई ते कळत नाई. खाली पाहिलं तं समजते. त्या दिवशी चंद्रपुरात एक पोरगी सायकलवर मधात आली. मी पाय पाहून राह्यलो होतो. थोडक्यात वाचली ते."

मला ती सायकल दिसलीच नव्हती. मीही तेव्हा त्याचा पायच बघत असणार. दोघं मिळून एकच पाय बघत होतो आणि रस्त्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मग राग आला. एवढं मोठं घडलं आणि हा माणूस मला न सांगता कुशनवाल्याला सांगत होता, तेही उंच कर आणि पुढे घे अशा भाषेत. सरळ तोंडाने सांगितलं असतं तर काय झालं असतं? पण मी तरी कुठे सरळ तोंडाने विचारलं होतं?

"मले जीप येत नाई," मी म्हटलं.

"येते. माजरीच्या मैदानात मीच शिकवली. लायसन काढलं तुहं."

"मैदानात वाघ नव्हता. नाला नव्हता."

"मी हावो नं बाजूले," तो म्हणाला.

चौकट बदलून यायला आणखी काही दिवस लागणार होते आणि शेतावर कापणीची माणसं सकाळीच येणार होती. धानाच्या रिकाम्या पोत्याची घडी करून त्याने सीटवर टाकली. मी बसल्यावर खांद्यावरचा दुपट्टा काढला, नेहमीसारखी चार पदरी घडी केली आणि माझ्या कंबरेमागे सरकवली. दुपट्ट्याला त्याच्या घामाचा आणि तंबाखूचा वास होता. आता पाय पोचत होते. तो पलीकडून क्लीनर साइडला चढला, गुडघे तिरपे करून.

गावातून निघताना दोनदा गाडी बंद पडली. ओळखीचे लोक बघत होते, मी कोणाकडे बघितलं नाही. जंगल लागलं तसं मी स्टिअरिंग घट्ट धरलं. तो मध्येमध्ये, "डावीकडून घे," "आता दुसरा टाक," एवढंच बोलत होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. कुठला दांडा वगैरे त्याने धरलेला नव्हता.

नाल्यापाशी मी गाडी थांबवली. गोटे, त्यावरून पाणी, पलीकडे चढ. दोन्ही बाजूंना बांबू. गाडी इथे बंद पडली तर खाली उतरून बघायचीही सोय नाही. मी त्याच्याकडे बघितलं. मनात म्हटलं, तुम्हीच घ्या एवढं. त्याला ते कळलं असावं. तो आपल्या डाव्या पायाकडे बघत होता. मग त्याने नजर उचलून समोर नाल्याकडे बघितलं आणि हात बाहेर काढला.

मी क्लच दाबला. तो खालपर्यंत गेला, ते माझ्या पायाला कळलं. शेजारी पत्र्यावर दोन थापा पडल्या.