अकरा फुटाणे

माझ्या धाकट्या भावानं अठ्ठावन्नाव्या वर्षी अणू शिकायला घेतला आणि माझ्या नाकी नऊ आणले. पस्तीस वर्षं मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं. ढ पोरं पाहिली, उनाड पोरं पाहिली, पण पहिल्याच पानावर ठाण मांडून बसणारा विद्यार्थी मला निवृत्तीनंतर, आणि तोही घरातच, मिळायचा होता.

तो यशवंतपूरच्या एका कारखान्यात निकेल प्लेटिंग करतो. म्हणजे नळ, कड्या, बिजागऱ्या असल्या वस्तू टाकीत सोडायच्या आणि विजेच्या मदतीनं त्यांच्यावर निकेलचा चकचकीत थर चढवायचा. चाळीस वर्षं तो टाक्यांपाशी उभा आहे. नुसता पाण्याचा रंग बघून काय बिनसलंय ते सांगतो. यंदा कुठल्याशा बड्या गिऱ्हाइकानं अट घातली, की टाक्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकानं रसायनशास्त्राची प्राथमिक परीक्षा द्यायची. नापास होईल तो पॅकिंगला. दोन वर्षं नोकरी उरलेली असताना खोक्यांवर चिकटपट्ट्या लावत बसायचं, ही कल्पनाच त्याला सहन होईना. हातात महिनाभर होता. दर रविवारी सकाळी त्यानं मेट्रोनं बनशंकरीला माझ्याकडे यायचं ठरलं.

पहिल्या रविवारी मी जय्यत तयारी केली होती. मोठ्या कागदावर वाटी उपडी घालून एक वर्तुळ काढलं, त्याच्याबाहेर ताटलीचं दुसरं, ताटाचं तिसरं. मधोमध अकरा फुटाणे आणि बारा शेंगदाण्यांचा ढीग. वर्तुळांवर मोहरीचे दाणे: आतल्यावर दोन, मधल्यावर आठ, बाहेरच्यावर एक. फुटाणे म्हणजे प्रोटॉन, त्यांच्यावर धन भार. मोहरी म्हणजे इलेक्ट्रॉन, ऋण भार. शेंगदाणे न्यूट्रॉन, त्यांच्यावर भारच नाही. मधला ढीग ते अणुकेंद्रक. झाला सोडियमचा अणू. हेही सांगितलं की केंद्रक खरोखर एवढं धरलं तर बाहेरची मोहरी इथून दीड-दोन किलोमीटरवर, जे. पी. नगरात नेऊन ठेवावी लागेल. मी सांगत होते आणि त्यानं मधला एक फुटाणा उचलून तोंडात टाकला.

प्रोटॉन दहा उरले की तो सोडियम राहत नाही, निऑन होतो, असं मी दातओठ खात सांगितलं आणि डब्यातला दुसरा फुटाणा आणून ठेवला. तो ढिगाकडे बघत राहिला.

"स्वल्प थांब, अक्का," तो म्हणाला. "प्लसला प्लस नको असतं ना? माझ्या टाकीत निकेल प्लसच्या पट्टीपासून सुटतं आणि मायनसला लटकवलेल्या नळाकडे जातं. चुकून वायरी उलट्या लागल्या तर नळावरचा थरच उतरायला लागतो. मग हे अकरा प्लस एवढ्याशा जागेत एकमेकांना चिकटून कसे बसलेत?"

हे अभ्यासक्रमात नाही, मी म्हणाले. परीक्षेत दोन-आठ-एक विचारतील, ते पाठ कर. तो 'सरी', म्हणजे बरं, म्हणाला आणि पाच मिनिटांनी पुन्हा तिथंच आला. फुटाणे बोटानं लांब लांब सारायचा आणि म्हणायचा, असे राहायला हवेत. दुसऱ्या रविवारीही तेच. मी समस्थानिकं काढली, संयुजा काढली, काही उपयोग झाला नाही. पाया कच्चा ठेवून वरचा थर धरत नाही, असं त्याचं म्हणणं, जणू मी त्याच्या हाताखाली काम करत होते. मला इतका संताप आला की मी कागद चुरगळला. मोहरी सोफ्याखाली गेली. तुझ्या डोक्यात काही शिरणार नाही, हे मला आधीपासून माहीत होतं, असं मी बोलून गेले.

तो कॉफी संपवून, कप धुऊन, निघून गेला.

तो गेल्यावर सोफा सरकवून मोहरी गोळा करत होते आणि मला आठवलं की हे सगळं एकदा झालेलं आहे. तो दहावीत होता, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. घरात मी हुशार म्हणून त्याला शिकवायची जबाबदारी माझ्यावर. त्यानं हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा टाकी नव्हती, शाळेतली लोहचुंबकं होती, पण प्रश्न हाच. मी त्याची वही भिंतीवर भिरकावली आणि सांगितलं, फाटे फोडू नकोस, पाठ कर. विज्ञानात तो नापास झाला. पुन्हा परीक्षेला बसायला तयारच झाला नाही, तेव्हा वडिलांनी त्याला प्लेटिंगला चिकटवला. आणि मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले की आमच्या धाकट्याला अभ्यासात गतीच नव्हती.

खरी गोष्ट अशी की मला उत्तर येत नव्हतं. तेव्हाही नाही, आणि पस्तीस वर्षं शिकवूनही नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतल्या जुन्या भौतिकशास्त्राच्या बाईंना फोन केला. लाज वाटत होती, तरी विचारलं. पुढच्या रविवारी तो येईल की नाही याची धाकधूक होती. तो नेहमीच्या वेळेला आला. मी पुन्हा ढीग मांडला. सांगितलं, प्लस प्लसला ढकलतं हे तुझं बरोबर आहे. पण हे दाणे अगदी भिडले की त्यांच्यात दुसरी एक ओढ चालू होते, ढकलण्यापेक्षा कितीतरी जोरकस, फक्त तिची पोच फार थोडी. जरा लांब गेलं की संपली. ती ओढ शेंगदाण्यांतही असते, आणि त्यांच्यावर भार नसल्यामुळे ते कोणाला ढकलत नाहीत, नुसतं धरून ठेवतात.

त्यानं फुटाण्यांच्या मधे मधे एकेक शेंगदाणा बसवला. मग म्हणाला, पुढचं सांग. जे दोन रविवारांत झालं नव्हतं ते सगळं त्यानं दुपारच्या जेवणाआधी संपवलं. निकेलचे दोन इलेक्ट्रॉन जातात म्हणून ते प्लस होतं आणि नळावर ते दोन परत मिळाले की धातू होऊन बसतं, हे तर त्यानंच मला सांगितलं.

परीक्षेत तो पास झाला, टाक्यांवरच राहिला. निकाल सांगायला आला तेव्हा मी फुटाणे-शेंगदाणे वाटीत घालून समोर ठेवले. त्याचा प्रश्न पेपरात आलाच नव्हता, असं तो हसत म्हणाला. मला हसू येईना.

"दहावीत तू विचारलंस ना," मी म्हणाले, "तेव्हा मला उत्तर येत नव्हतं. म्हणून ओरडले."

"ते मला तेव्हाच कळलं होतं, अक्का," तो फुटाणे निवडत म्हणाला. "म्हणूनच तर परत परीक्षेला बसलो नाही. म्हटलं, अक्काला येत नाही ते मला कुठलं येणार."