लाकडी पात्याचा पंचनामा

तमाम जनतेस, विशेषतः ज्यांच्या घरी मौल्यवान वस्तू आहेत आणि ज्यांच्या घरी मेहुणे आहेत अशा सर्वांस, या लेखाद्वारे अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, मस्कतजवळच्या अल हैल या शांत वस्तीत काही शतके जुन्या जपानी पोलादाचे भर दुपारी लाकूड झाले. सदर चमत्काराचा तपास प्रस्तुत लेखकाने केला. ती घटना आठवली की आजही माझे तळहात ओले होतात, आणि त्याचा इथल्या दमट हवेशी काही संबंध नाही.

थोडी ओळख करून देतो. महाराष्ट्र पोलीस दलात उमेदीची वर्षे घालवून, गुडघे आणि वरिष्ठ या दोघांचाही त्रास एकदमच वाढला तेव्हा मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मस्कतच्या एका खासगी कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो. माझ्या सेवापुस्तकात या प्रकरणाची नोंद नाही. पण खून, दरोडे, घरफोड्या हाताळताना जी झोप उडाली नाही, ती या एका दुपारने उडवली.

माझ्या मागच्या गल्लीत एक मित्र राहतो. सोहारच्या एका पोलाद कारखान्यात अभियंता. आठवडाभर तिकडे, सुटीला इकडे घरी. त्याला छंद जुन्या जपानी कट्यारी जमवण्याचा. ओमानमध्ये राहून कुणी चांदीच्या मुठीचा इथला खंजर जमवला तर समजू शकते. याचे मन मात्र जपानात. दिवाळीला फराळाला बोलवायचा आणि चकलीचा पहिला तुकडा मोडायच्या आत व्याख्यान सुरू.

"लोहार पात्यावर माती लिंपतो. पाठीवर जाड, धारेवर पातळ. मग तापवून लाल केलेलं पातं एकदम पाण्यात! पातळ मातीखालची धार झटकन थंड होते, म्हणून कडक. पाठ सावकाश थंड होते, म्हणून चिवट. त्या एका क्षणात पात्याला तडा गेला, तर आधीची सगळी मेहनत पाण्यात."

"तुमचा लाडू पण चहात पडलाय," वहिनी म्हणायच्या. या छंदाला त्या 'माझी जपानी सवत' म्हणत.

त्या संग्रहातली एक कट्यार त्याचा जीव की प्राण होती. काळ्या लाखेचे म्यान, मुठीवर रेशमी फितीचे वेटोळे. ती आम्ही सगळ्यांनी काचेतून पाहिली होती. हातात कुणालाच मिळाली नव्हती.

सुटीवर आलेला असतानाच एके दिवशी त्याच्या छातीत कळ आली. इस्पितळात नेले, बायपास ठरली. स्ट्रेचरवरून आत नेताना वहिनींनी त्याचा हात धरून विचारले, "काही सांगायचंय का?" बँकेचे, मुलांचे, निदान त्यांच्याविषयी काहीतरी तो सांगेल अशी त्या माउलीची अपेक्षा. तो म्हणाला, "पात्याला तेल लावा. हवा दमट आहे."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. तो अजून गुंगीत होता. त्याला कसलाही धक्का बसता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. वहिनींचा आवाज ओळखू येत नव्हता.

"भाऊजी, असाल तसे या. कट्यार लाकडाची झाली."

मी पोहोचलो तर दाराला आतून कुलूप. उघडले ते वहिनींच्या भावाने. हे मेहुणे मदतीसाठी पुण्याहून आले होते, आणि काही लोक मदतीला आले की घरात माणसे वाढल्याऐवजी आवाज वाढतो, त्यातले. आज्ञेप्रमाणे तेल लावायला त्यांनी ती काळी कट्यार कपाटातून काढली, म्यानातून उपसली, आणि हाती आले ते लाकडी पाते. आकार तोच, बाक तोच, टोकही तसेच. फक्त लाकूड.

"आणि चोरही हजर आहे!" मेहुण्यांनी बोट दाखवले.

जेवणाच्या टेबलाशी खुर्चीच्या कडेवर एक माणूस बसला होता. जवळच्या बरका गावातल्या एका वर्कशॉपमधला सुतार, मूळचा सिंधुदुर्गातला. या घराचे फर्निचर त्याने केले होते. कट्यारीचे काचेचे कपाटही त्याचेच. उरलेली हत्यारे न्यायला आणि निरोप घ्यायला आला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचे विमान होते. व्हिसा रद्द होऊन कायमचे परतणे. गावी त्याला मुलगी झाली होती. तिचे बारसे बापासाठी खोळंबले होते. त्याने अजून तिला मांडीवर घेतलेले नव्हते.

"पहिली गोष्ट," मी म्हणालो, "दाराचं कुलूप काढा. माणसाला कोंडून ठेवणं हा चोरीपेक्षा सिद्ध करायला सोपा गुन्हा आहे, साक्षीदार शोधावे लागत नाहीत."

कुलूप निघाले. पण मेहुणे फोन हातात घेऊन दारातच उभे राहिले. "साहेब, मी इथल्या पोलिसांत तक्रार देतो. एअरपोर्टवर नाव गेलं की हा अडकला. लाकडाचं पातं कोण कोरणार? शिंपी? कपाटाची चावी याच्याकडे होती, हत्यारं याच्याकडे, आणि उद्या पळतोय!"

खरे सांगतो, मेहुण्यांचे म्हणणे चुकीचे वाटत नव्हते. संधी होती, कसब होते, पलायनही ठरलेले होते. माझ्या ठाण्यात असे प्रकरण आले असते तर मीही खुशीत पेन उघडले असते. दुसरीकडे, हा निर्दोष असला तर? तक्रार झाली की विमान गेले. व्हिसा तर आधीच रद्द. परक्या मुलुखात चौकशी संपेपर्यंत ना काम, ना घर. इथे माझ्यामागे हवालदार नव्हता, समोर डायरी नव्हती. हातात फक्त वहिनींनी दिलेला चहा होता, आणि तोही निवत चालला होता.

"मगरीबची, सूर्यास्ताची अजान होईपर्यंत थांबा," मी मेहुण्यांना म्हणालो. "तोवर मला तपास करू द्या. मग हवं ते करा."

मी सुतारासमोर बसलो. पोलिसातला माझा अनुभव असा की, दोषी माणूस उत्तर तयार ठेवतो आणि निर्दोष माणूस गोंधळतो. अडचण ही की भित्रा दोषीही गोंधळतो.

"कपाटातल्या कट्यारीला हात लावला होतास?"

"नाय साहेब. मी कपाट केलंय, काच बसवलंय. खलास. आतला सगळा साहेबांनीच मांडल्यानी."

"मग थरथरतोस का?"

"माका पहाटेचा विमान आसा, साहेब."

तेवढ्यात मला वास आला. लवंगेचा. त्या दिवाळीच्या व्याख्यानातले एक वाक्य माझ्या डोक्यात राहिले होते. जपानी पात्याला गंज चढू नये म्हणून लवंगेच्या वासाचे तेल लावतात. आणि वास या माणसाच्या खिशातून येत होता. मी खिसा रिकामा करायला सांगितला. छोटी बाटली निघाली.

"बघा!" मेहुणे टाळी वाजवायचे बाकी होते. "रंगेहाथ!"

"दाढ दुखता, साहेब," सुतार पुटपुटला.

"सगळ्यांच्याच दाढा आजच दुखतात!" मेहुणे कडाडले.

मी त्याला तोंड उघडायला लावले. मोबाइलचा उजेड आत टाकला. हिरडी अशी सुजली होती की पाहूनच माझ्या जबड्यात कळ गेली. मुद्देमाल क्रमांक एक, लवंगेचे तेल, सन्मानपूर्वक परत करण्यात आले.

मग मी ते लाकडी पातेच खिडकीच्या उन्हात धरले. घरफोडीच्या तपासात आम्ही पहिल्यांदा बघतो, की खूण ताजी आहे की जुनी. नवा ओरखडा चमकतो, जुना मळतो. या पात्याच्या मुळाशी एक भोक होते. मुठीतून बांबूची एक खुंटी आरपार जाते आणि पात्याला धरून ठेवते, त्यासाठी. त्या भोकाच्या कडा गुळगुळीत झिजल्या होत्या आणि हाताच्या मळाने काळ्या पडल्या होत्या. खुंटी असंख्य वेळा आत-बाहेर झाल्याशिवाय हे होत नाही. शिवाय सगळ्या लाकडावर जुन्या पाटावर असते तशी पिवळट झाक होती.

"हे पातं या सुताराने कोरलेलं नाही," मी म्हणालो. "कदाचित याच्या जन्माआधीचं असेल."

"जुनं लाकूड वापरलं असेल!"

"जुनं लाकूड आज कोरलं की आतून नवं निघतं, मेहुणे. हे कोरीवकामच जुनं आहे. हे लाकूड या म्यानात कित्येक वर्षं राहतंय."

"मग लोखंड कुठे गेलं?" वहिनींनी विचारले, आणि त्या एकदम रडायला लागल्या. "शुद्धीवर आले की पहिलं तेच विचारतील हो. मी काय सांगू?"

बाहेर ऊन उतरू लागले होते. मेहुणे दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. सुतार जमिनीकडे बघत होता. काही सुचेना की पोलीस काय करतो? नेहमीचे काम करतो. मी दारे-खिडक्या तपासायला घेतल्या. कुठे जबरदस्तीची खूण आहे का, कडी उचकटली आहे का. बैठकीची खोली, निजायच्या खोल्या, शेवटी स्वयंपाकघर. तिथली सरकती खिडकी हलेना. खाली खाचेत एक पांढरट काठी आडवी घातली होती.

"ही मीच घातलीय," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "कडी सैल झालीय. हे इस्पितळात गेले तेव्हा भाऊ आला नव्हता, मी एकटी, भीती वाटायची. मिस्त्रींचं काम चाललं होतं तेव्हा घरभर सामान पसरलं होतं, त्यात हा उरलेला तुकडा दिसला. बरोबर मापाचा निघाला."

खिडकी तपासायची म्हणून मी काठी उचलली. अपेक्षेपेक्षा जड लागली. आणि पुन्हा तोच वास. लवंग.

खिडकीच्या दांडक्याला दाढदुखी होत नाही.

मी काठी डोळ्यांजवळ नेली. लांबीच्या दिशेने केसासारखी सांध्याची रेघ, म्हणजे दोन फळ्या चिकटवून केलेली. एका टोकाकडे काठीभोवती फिरलेली दुसरी चीर. आणि त्या टोकात बसवलेली, नखाएवढी, बांबूची खुंटी. धार स्वतःच्या अंगापासून दूर ठेवून मी दोन्ही टोके ओढली. आधी अडले, मग सुटले, आणि स्वयंपाकघरात पोलाद उगवले.

इतके शांत पोलाद मी पाहिले नव्हते. आयुष्यभर जप्त केलेले सुरे-चाकू आठवले. सगळे चकाकणारे, उर्मट. हे राखाडी होते, खोल पाण्यासारखे. धारेलगत पांढरी नागमोडी रेघ, ओहोटीला वाळूवर फेस राहतो तशी. ती मातीची आणि पाण्याची करामत. कुणा लोहाराच्या श्वास रोखलेल्या त्या एका क्षणाची खूण वहिनींच्या भांड्यांच्या रॅकसमोर लखलखत होती. वहिनींनी "अगंबाई, रोज रात्री मी याला हाताने दाबून बसवत होते!" म्हणत स्वतःची सगळी बोटे तपासली.

मित्र बरा झाल्यावर खुलासा झाला. देखण्या लाखेच्या म्यानात पाते कायमचे ठेवत नाहीत. तिथे दमट हवेने ते बिघडते. पात्याची निजायची जागा म्हणजे हे साध्या मऊ लाकडाचे म्यान, भाताच्या खळीने चिकटवलेले, म्हणजे गरज पडली तर उकलून आतून साफ करता येते. आणि देखण्या म्यानाचे व मुठीचे भाग एकत्र राहावेत म्हणून त्यात लाकडी पाते घालतात. काचेत मिरवायचे ते कपडे, माणूस दुसरीकडे. नवे कपाट मांडताना ते साधे म्यान त्याने बाजूला काढून ठेवले होते, आणि ते मिस्त्रींच्या पसाऱ्यात मिसळले. "दिवाळीत सांगितलं होतं मी," तो म्हणाला. "तुम्ही सगळे बासुंदीकडे बघत होतात." ते खरे असावे. बासुंदी मला आठवते.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, ती प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती. चोर शोधण्याआधी चोरी शोधावी. वस्तू दिसली नाही की आपण तिच्याऐवजी माणूस शोधू लागतो, आणि जो सर्वांत जवळ उभा असतो, ज्याच्या बाजूने बोलणारे कुणी नसते, त्याच्या अंगाला सगळा पुरावा आपोआप येऊन चिकटतो. हत्यारे सुताराकडे नसणार तर कुणाकडे? परतीचे तिकीट परदेशातल्या कामगाराकडे नसणार तर कुणाकडे? त्या दुपारी मी उशीर केला असता, किंवा मेहुण्यांनी घाई केली असती, तर खिडकीतली काठी खिडकीतच राहिली असती आणि एक बाप इथे अडकला असता.

अजान झाली तेव्हा आम्ही सगळे अजून स्वयंपाकघरातच होतो. पाते परत आपल्या लाकडी घरात गेले होते. मेहुण्यांनी फोन खिशात टाकला, घसा खाकरला आणि सुताराकडे न बघता म्हणाले, "मिस्त्री, गैरसमज झाला. मनावर घेऊ नका. पण काय आहे, ते लाकडी पातं इतकं सुबक केलेलं होतं, की तुमच्याशिवाय दुसरं कुणी डोळ्यांसमोरच आलं नाही."

दुपारभर जमिनीकडे बघत बसलेल्या त्या माणसाने मान वर केली. टेबलावरून आणलेले ते लाकडी पाते त्याने पहिल्यांदाच हातात घेतले, उलटेसुलटे केले. मग स्वतःच बसवलेल्या ओट्याखालच्या कपाटाकडे पाहिले. त्याचे एक दार लागतच नव्हते, आणि त्यात रबरबँड अडकवलेला होता. सुजलेल्या गालावर हात ठेवून तो एकदम मोठ्याने म्हणाला,

"साहेबानु, असला बारीक काम माझ्या हातात असता, तर तुमच्या किचनाची कपाटां ठोकूक हय कोण इलो असतो?"