सोहारला, रेषेच्या एक पाऊल अलीकडे

ओमानला जायचं मी ठरवलं ते वाळवंट बघायला. तिकीट काढताना मला कुणी सांगितलं नव्हतं की एक अख्खा शुक्रवार हेल्मेट घातलेली मुलं एकमेकांच्या अंगावर पडताना बघण्यात जाणार आहे. तीस वर्षं साताऱ्यात भूगोल शिकवला, पण ओमानमध्ये अमेरिकन फुटबॉल पिकतो हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

माझा धाकटा भाऊ श्रीकांत मस्कतच्या बौशर भागात राहतो, अल् खुवैरला नोकरी करतो आणि उरलेला वेळ गाडीत असतो. त्याचा ओंकार कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेज छोटं, संघ त्याहून छोटा: तेरा जण, त्यातले आठ मैदानात. मोसमातले चारही सामने ते हरले होते. हरण्याचं काही नाही, पण चार सामन्यांत मिळून एक गुण नाही! पाचवा आणि शेवटचा सामना सोहारला.

"ताई, उद्या सोहार," श्री जेवताना म्हणाला. "भोपळा बघायला दोनशे किलोमीटर."

"बाबा, प्लीज," ओंकार म्हणाला.

"खोटं बोलतोय का? परीक्षेत विषय राहिलेत, खेळात शून्य. हा सामना झाला की खलास. बूट माळ्यावर."

ओंकारने ताट अर्धं ठेवलं आणि उठला.

जाणार असाल तर जानेवारीत जा आणि शुक्रवारी सकाळीच निघा. रस्ता मोकळा मिळतो. मात्र दुपारच्या नमाजापर्यंत बरंच काही बंद असतं, त्यामुळे पोटाची सोय आधी बघा. आम्ही वाटेत बरका गावात थांबलो. इथे चहा प्यायला गाडीतून उतरणं कमीपणाचं मानतात की काय कोण जाणे. हॉर्न वाजवला की माणूस खिडकीशी येतो. करक, म्हणजे दुधात कडक उकळलेला चहा, आणि अंडं घातलेला पराठा. चहा इतका गोड की माझ्या डॉक्टरांना साताऱ्यात ठसका लागला असेल. पुढे हमरस्ता सरळसोट, डावीकडे डोंगर, उजवीकडे खजुरी, आणि मध्ये श्रीचं तोंड, तिन्ही कोरडे. सोहारचा पांढराशुभ्र किल्ला मी बाहेरून पाहिला. फोटो काढला. झालं.

सामना चारला. मैदानाच्या कडेला संघाचे प्रशिक्षक रफीकभाई भेटले. मूळचे दापोलीचे, कॉलेजच्या क्रीडा विभागात नोकरीला. तरुणपणी कबड्डी गाजवलेली. हा खेळ मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले.

"ताई, सोपं आहे," ते म्हणाले. "चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू त्यांचा. चेंडू घेऊन त्या शेवटच्या रेषेपलीकडे गेलं की सहा गुण."

"आणि आपण?"

"आपण अजून तिकडे गेलो नाही."

त्या दिवशीही लक्षण दिसत नव्हतं. शेवटचे दहा सेकंद उरले तेव्हा सत्तावीस-शून्य. मग कप्तान सलीमने चेंडू लांब फेकला आणि ओंकारने तो चक्क झेलला. समोर कुणी नाही! तो सुटला. "यल्ला, यल्ला! पळ!" रफीकभाई ओरडले. मी काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कडेला ऑफिसच्या फोनवर असलेल्या श्रीने फोन कापला.

आणि ओंकार हळू झाला. त्याने मागे पाहिलं. सोहारची मुलं कमरेवर हात ठेवून उभी होती. एक जण टाळ्या वाजवत होता. त्यांचे प्रशिक्षक हाताने खुणावत होते: जाऊ द्या त्याला.

ओंकार रेषेच्या एक पाऊल अलीकडे थांबला आणि खाली गुडघा टेकून बसला. शिट्टी वाजली.

"हे काय?" मी विचारलं.

"गुडघा टेकला की डाव थांबतो," रफीकभाई म्हणाले. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आणि वेळही संपली, ताई."

सलीम आमच्याच संघाचा, पण घर सोहारला; धिप्पाड पोरगा. तो धावत आला आणि इंग्रजीत ओरडला, "सहा गुण होते! माझी आई बघायला आली आहे!"

"ते देत होते, सलीम. आपण मिळवले नव्हते."

"मग? देतात तर घ्यायचे!"

खरं सांगते, मी सलीमच्या बाजूची होते. घेतले असते तर काय बिघडलं असतं? वर्षभर मार खाल्लेली तेरा पोरं एकदा तरी नाचली असती.

संध्याकाळी सगळ्यांना सलीमच्या घरी जेवण होतं. भल्यामोठ्या थाळ्यांत भात आणि मटण, भोवती गोल करून बसायचं. सलीम मुद्दाम दुसऱ्या थाळीवर बसला. तेवढ्यात त्याची आई आली, ओंकारकडे बोट दाखवून अरबीत काही म्हणाली आणि त्याच्यापुढे मटणाचा मोठा तुकडा ठेवला. रफीकभाईंनी अर्थ सांगितला, "म्हणतात, हा फार बारीक आहे, म्हणून दमून खाली बसला. खायला घाला."

आधी सलीमच हसला. हसायचं नसताना हसला, पण हसला.

परतीला श्रीने गाडी हमरस्त्याला घेतली. मग श्री म्हणाला, "कुणाला विचारून बसलास?"

"विचारायला टाइम नव्हता, बाबा."

बरका मागे पडल्यावर पुन्हा श्री, "राहिलेले पेपर कधी?"

"मार्च."

"मग फेब्रुवारीत प्रॅक्टिस कमी कर."

मागच्या सीटवर ओंकारने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

वाळवंटही पाहिलं नंतर. वाळू असते, उंट असतात, छान आहे. साताऱ्यात लोक त्याचेच फोटो मागतात. मला मात्र ते पाऊल आठवतं, आणि तो बरोबर होता की अतिशहाणा, हे ठरत नाही. सलीम दोन आठवडे त्याच्याशी बोलला नाही म्हणे.

नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्यानंतर ओंकारचा फोन आला. पुन्हा हरले होते. पण सहा गुण होते, सलीमचे.

"दोघं त्याच्या पाठीला लटकले होते, आत्या! तरी गेला तो!"

"कसा दिसत होता रे?"

"मला काय माहीत? तिसरा माझ्यावर बसला होता. माझ्या तोंडात गवत होतं."

इतक्या आनंदात मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.