रोवणीतली रिकामी पात

गूढ अनुभवांच्या या सदराची मी वाचक नाही. असले अनुभव कुणी सांगू लागलं की उलटतपासणी घेणाऱ्यांपैकी मी... तुम्ही पुरते जागे होता का, अंगात ताप होता का, दुसऱ्या कुणी पाहिलं का? सांगलीकडे आमच्या बाबांचा छोटा छापखाना आहे. चळवळीची पत्रकं तिथे छापली जायची आणि त्यांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. हुंडा, बुवाबाजी, अंगात येणं — माझी बाराखडीच ही. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते बाबांना पटलेलं नाही. खरं तर मलाही पटलेलं नाही. पण ते माझ्याच पाठीला लागून घडलंय, म्हणून लिहितेय.

मागच्या वर्षी एका संस्थेची व्हॉलंटियर म्हणून मी गोंदिया जिल्ह्यात गेले. काम असं की गावातल्या बायकांसोबत जुन्या तलावांमध्ये पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, म्हणजे मासे टिकतात. राहायचं मात्र एका कुटुंबात. परदेशी जाऊन अनोळखी घरात राहणाऱ्यांचे लेख मी वाचले होते. मला पासपोर्ट लागला नाही, एवढाच फरक. स्टेशनवर सगळे हिंदी बोलत होते, गावात पोचले तर तिथली मराठी मला निम्मी कळेना.

गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. एसटीने फाट्यापर्यंत, मग तलावाच्या पाळीवरून चालत. गावाचं नाव काकाजींनी लिहू नको म्हटलंय, म्हणून लिहीत नाही. काकाजी म्हणजे घरमालक, शेवंतामावशी त्यांच्या बायको, आणि पल्लवी त्यांची बारावी झालेली मुलगी. हा तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधला, असं काकाजी चहा पिता पिता सहज सांगायचे.

पहिला आठवडा मला खुर्ची, आणि एकटीलाच आधी ताट. तिन्ही वेळा भात, सोबत लाखोरीची डाळ. मी ताट घासायला उठले की मावशी हातातून ओढून घ्यायच्या. मग एक दिवस त्यांनी माझ्यापुढे सूप आदळलं, "बसून काय राहिली? तांदूर निवड." त्या दिवशी मी घरची झाले.

पल्लवीला नागपूरला नर्सिंगची सीट मिळाली होती. पुढच्या महिन्यातल्या एका सोमवारी स्वतः हजर राहून ॲडमिशन पक्की करायची, नाही तर सीट जाणार. काकाजी तयार होते. मावशी नाही म्हणत होत्या. नाही म्हणजे नाहीच.

कारण होतं मीरा. पल्लवीची मोठी बहीण. तीही नागपूरला शिकायला गेली होती, हॉस्टेलवर तापाने आजारी पडली, आणि घरचे पोचायच्या आत गेली. पल्लवी तेव्हा शाळेत होती.

मी मावशींशी वाद घातला. रोज घातला. चुलीशी, पाण्यावर, रस्त्याने. मुलीच्या शिक्षणाचा हक्क, तिचा स्वतःचा पगार, ताप गावातही येतो... जे जे मी आयुष्यभर वाचलं ते सगळं बोलले. मावशी शांतपणे ऐकायच्या आणि एकच उत्तर द्यायच्या. "एक पात मोकरी झाली माही. दुसरी नाही होऊ देत."

याचा अर्थ मला रोवणी सुरू झाल्यावर कळला.

धानाची रोवणी तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. चिखल केलेल्या बांधीत — म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वाफ्यात — बायका एका ओळीत उभ्या राहतात, वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, चिखलात खोचतात आणि मागे मागे सरकत जातात. प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टा. तीच तिची पात. रोवलेलं समोर राहतं, उघडा चिखल पाठीमागे.

मावशींच्या शेतात ओळ लागली तेव्हा मावशी आणि शेजारच्या देवकाबाई यांच्यामध्ये एका माणसाची जागा सुटलेली होती. मला वाटलं, चुकून. मी तिकडे सरकले तर देवकाबाईंनी कोपराने मला पलीकडे ढकललं. "ते मीराची पात हाये. इकडं ये तू."

मीरा दर रोवणीला सुट्टी काढून यायची आणि आईच्या शेजारी उभी राहायची. ती गेल्यापासून मावशी ती पात सोडतात. सगळ्या बायका घरी गेल्या की मग त्या एकट्या परत चिखलात उतरतात आणि तो मोकळा पट्टा रोवून काढतात. गावात कुणी त्यावर काही बोलत नाही. बाईमाणूस दमून जातं, अंधारायच्या आत पट्टा संपवायचा म्हणून धावपळ करतं, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

मला त्याचं आधी वाईट वाटलं आणि मग राग आला. मावशींचा नाही... त्या रिकाम्या जागेचा. ती जागाच पल्लवीला धरून ठेवत होती. मी पल्लवीला म्हटलं, "उद्या मी त्या पातीत उभी राहते. तिथे काही नाही, हे एकदा दिसू दे."

पल्लवी म्हणाली, "माय रागावन." मग आईकडे नजर टाकून म्हणाली, "पण राहा."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, ॲडमिशनचा सोमवार तीन दिवसांवर. ढग होते, पण पाऊस नव्हता, लख्ख उजेड. दुपारी आम्ही नव्या बांधीच्या कडेलाच बसून जेवलो. समोर नुकताच चिखल केलेली बांधी, साईसारखी सपाट, तिच्यात आभाळ दिसत होतं. मी मोबाईलवर तिचा फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे. त्यात नुसता चिखल आहे आणि कोपऱ्यात देवकाबाईंचा डबा.

जेवून ओळ लागली. मी सरळ जाऊन मावशींच्या शेजारी उभी राहिले.

"तिथं नोको उभी राहू, बाई," मावशी म्हणाल्या.

"मावशी, माती आहे ही. जिवंत माणसाने उभं राहायला आहे."

 मावशी माझ्याकडे पाहत राहिल्या... मग वाकल्या आणि त्यांनी रोवायला सुरुवात केली. बाकीच्याही वाकल्या.

माझी रोवणी म्हणजे विनोदच होता. माझे परे उपटून पाण्यावर तरंगायचे. एरवी देवकाबाईंनी सोडलं नसतं. थोड्या वेळाने त्यांनाही राहवलं नाही. "पुन्याच्या मॅडमचे परे पोहून राहिले, पाहा व बाई." मी सांगलीची आहे, हे मी त्यांना कितीदा सांगितलं होतं. त्यांच्या लेखी पलीकडचं सगळं पुणेच. दोघीतिघी हसल्या आणि माझ्या छातीवरचं ओझं जरा उतरलं. झालं, म्हटलं. एवढंच होतं.

आम्ही साधारण बांधीच्या मध्यावर आलो असू. मी वाकलेली, नजर चिखलात, एक पाय मागे टाकला... आणि माझी पाठ कुणाच्या तरी पाठीला लागली.

रोवणीत असे धक्के लागतात, शेजारची तिरकी सरकली की लागतात. म्हणून मी दचकले नाही. ओली पाठ होती, घामाने गरम झालेली. पाठकणाही जाणवला. मी मान न वळवता म्हटलं, "सॉरी हं."

देवकाबाई बाजूनेच म्हणाल्या, "कोनाले सॉरी म्हणून राहिली?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मागे कुणी असणं शक्यच नव्हतं. मागे फक्त उघडा चिखल होता.

मी वळले. कुणी नव्हतं. पण माझ्या टाचांपासून पलीकडच्या बांधापर्यंत, एका पातीच्या रुंदीत, परे रोवलेले होते. सरळ ओळी. एकही तरंगत नव्हता. दोन्ही बाजूंना चिखल उघडाच. म्हणजे आम्ही या टोकाकडून मागे सरकत होतो तेव्हा कुणीतरी त्या टोकाकडून मागे सरकत येत होतं... आमच्याच वेगाने, आमच्याकडे पाठ करून. आणि मध्यावर आमची गाठ पडली.

आणखी एक. रोवणाऱ्या माणसाच्या पायांचे खळगे चिखलात राहतात. आमच्या समोर ते खळगेच खळगे दिसत होते. त्या पट्ट्यात एकही नव्हता. परे उभे, आणि खालचा चिखल सपाट.

पलीकडच्या बांधाला लागूनच काकाजी परे उपटत बसले होते, तोंड आमच्याकडे करून. देवकाबाईंनी ओरडून विचारलं, इकडून कोण उतरलं? काकाजी उठून उभे राहिले आणि तो पट्टा पाहून तसेच उभे राहिले. "मी तर तुमालेच पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "कोनी नाही उतरलं."

बायका भराभर बांधावर चढल्या. पल्लवी ओळीच्या टोकाला रोवत होती, ती मागे राहिली. मी तिचा हात धरून तिला वर ओढलं. देवकाबाई मावशींना म्हणाल्या, "शेवंता, आता तर पोरीले अजिबात धाडू नोको. मीरा बहिनीले बोलावून राहिली."

हे त्या धक्क्याहून वाईट होतं. रिकामी जागा रिकामीच आहे, हे दाखवायला मी तिथे उभी राहिले होते. आणि आता त्याच जागेने पल्लवीला कायमचं बांधून ठेवलं असतं. मी म्हटलं, "असं काही नाही, मावशी, याला काहीतरी कारण—" आणि थांबले. 

मावशी चिखलातच उभ्या होत्या. त्या पट्ट्याच्या कडेने हळूहळू चालत शेवटपर्यंत गेल्या, एका पऱ्याला हात लावला, हलवून पाहिला. घट्ट होता. मग वळल्या. "चला. परे सुकून राहिले."

बायका उतरल्या.  त्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांनी आम्ही उरलेली बांधी रोवून काढली. त्या दिवशी मावशींना मागे थांबावं लागलं नाही. आमच्यासोबतच घरी आल्या.

शनिवार तसाच गेला. पल्लवीने आशेने भरून ठेवलेली पिशवी रिकामी करून कपडे पुन्हा खुंटीवर टाकले.  

रविवारी सकाळी मावशींनी पल्लवीला अंगणात बोलावलं, पुढ्यात बसवलं आणि तिच्या डोक्याला तेल लावायला घेतलं. मी हातपंपावर होते, दोघी मला दिसत होत्या.

"कपडे काऊन काढले पिशवीतले?"

पल्लवीने देवकाबाईंच्या घराकडे मान वळवली, मावशींनी ती परत सरळ केली.

"देवका म्हणते बोलावून राहिली. बोलवाचं असतं तर घरी आली असती, चिखलात कायले उतरन?" मावशींनी वेणीचा पेड ओढला. "मरून बी पात पुरी केली पोरीनं. अन् जितीले मी अर्ध्यात ठेवू? भर पिशवी. अन् ताप आला तर त्याच दिवशी फोन कर. लपवशील तर मार खाशील."

सोमवारी काकाजी तिला घेऊन गेले. ॲडमिशन झाली.

मी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, जेवणाआधीच कुणीतरी रोवून ठेवलं असेल, तुमचं लक्ष नसेल. मी फोटो पाठवला. म्हणाले, फोटो दुसऱ्या बांधीचा असेल. पायांचे खळगे पाण्याने भरले असतील. धक्का देवकाबाईंचा असेल. यातलं प्रत्येक कारण मी स्वतः दुसऱ्या कुणाला दिलं असतं. पण डबा त्याच बांधावर होता, त्या दिवशी पाऊस आला नाही, आणि देवकाबाई माझ्या बाजूला होत्या, मागे नाही. बाबा म्हणाले, मग असलं छापू नकोस, लोक चुकीचा अर्थ काढतील. यावर आमचं भांडण झालं, अजून पुरतं मिटलेलं नाही. माहीत नसलेलं माहीत आहे असं सोंग करायचं नाही, हे मी त्यांच्याच पत्रकांतून शिकले.

उत्तर माझ्याकडे नाही. एक राग मात्र आहे, आणि तो मी इथे लिहूनच जाणार. एका जिवंत मुलीला शिकायला मिळावं म्हणून महिनाभर एक जिवंत बाई बोलत होती, ते पुरलं नाही. मेलेल्या मुलीला भर दुपारी चिखलात उतरावं लागलं.

या वर्षी रोवणीला मी रजा काढून पुन्हा गेले. पल्लवीची परीक्षा होती, ती आली नाही. मावशी तिच्याशी फोनवर जोरजोरात बोलत होत्या, जेवली का, डोक्याले तेल लावते का. ओळ लागली तेव्हा जागा सोडलेली नव्हती. मावशी, त्यांना लागून देवकाबाई, मग मी. माझे परे या वेळी कमी तरंगले. दिवसभर मी मागे सरकत होते आणि प्रत्येक पाऊल टाकताना माझं लक्ष हातांकडे नव्हतं, पाठीकडे होतं.

काही लागलं नाही. पलीकडच्या बांधापर्यंत नुसता चिखल होता.

मला वाईट वाटलं.