खरखऱ्याच्या दातांमधली फट

कवळ्या करणाऱ्या बाईंना सगळेजण नुसतं ‘बाई’ म्हणत. नवरा तेवढा ‘अगं’ म्हणायचा, आणि बाई कामात असल्या की ते ‘अगं’ त्यांच्या कानापर्यंत पोचतच नसे.

बाईंची कामाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीशी लांब टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, बारीक सुऱ्या आणि दातांच्या रंगांची एक पट्टी. कारण माणसांचे दात पांढरे नसतातच, ते पिवळटाच्या नाना छटांचे असतात. प्लास्टरची भुकटी हवेत तरंगत असे. दुपारचं ऊन आत आलं की सगळी खोली डुलक्या घेत असल्यासारखी दिसे. भिंतीवरच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले, सगळेच्या सगळे आ वासून. एवढे श्रोते ‘गंजका नळ’ला उभ्या जन्मात मिळाले नसतील, असं नवरा म्हणायचा.

‘गंजका नळ’ हा एक बँड होता. होता म्हणजे बाईंच्या तरुणपणी होता, आणि बाईंच्या टेपवर अजूनही होता. ग्रंज वाजवायचा. ग्रंज म्हणजे काय ते बाई कुणालाही समजावून देत, कुणी विचारलेलं नसलं तरी. “आधी हळू, मग अंगावर कोसळल्यासारखं, मग परत हळू. गिटार मळकी वाजली पाहिजे. आणि कपडे कालचे.”

बँडमध्ये चौघं होते. गिटारवर चष्मिष. चष्म्याच्या काड्या दोऱ्याने डोक्यामागे बांधायचा, कारण मान हलवायचा त्याला फार सोस. त्याची गिटार बेसूर आहे असं ज्यांना वाटायचं त्यांच्याशी बाई वाद घालत नसत, त्यांच्या बुद्धीची कीव करत. बेसवर गप्पू. तो कधी कुणाशी बोलल्याचं ऐकिवात नाही, पण सगळी गाणी त्याच्याच जिवावर उभी होती. ड्रमवर हातोडा, ज्याला वेळेआधी पोचायची घाई. आणि गाणारा खरखऱ्या. आवाज असा, की कुणीतरी जड कपाट फरशीवरून ओढत नेतंय. ही नावं त्यांना चाहत्यांनी दिलेली. चाहते मूठभरच, पण नावं ठेवण्यात हुशार.

बाईंनी त्यांना एकदाच प्रत्यक्ष ऐकलं, एका तळघरातल्या हॉलमध्ये. जागा मिळाली खांबामागे. हातोड्याचं कोपर आणि खरखऱ्याचे बूट, एवढंच दर्शन घडलं. तरी घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. रस्त्यावरचे दिवे, बंद दुकानं, झाकलेल्या हातगाड्या, सगळं त्या गिटारच्या गुणगुणीत बुडून गेलं होतं, आणि ते पुढे कितीतरी दिवस तसंच राहिलं.

कॅसेटी तीन. पहिली कुणाच्यातरी गॅरेजमध्ये केलेली. एका गाण्याच्या ऐन मध्यावर बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो आणि हातोडा दचकून एक ठोका चुकतो. बाईंना तो चुकलेला ठोका पाठ होता. दुसरी कंपनीच्या पैशाने मोठ्या स्टुडिओत झाली. ती इस्त्री केलेली निघाली, आणि तिचा विषय निघाला की बाई नाक मुरडत. तिसरी ‘उरलेलं पाणी’. ती करताना खरखऱ्याला ताप होता, घसा बसला होता, ओरडायचं त्राण नव्हतं. सगळी कॅसेट तो कुजबुजल्यासारखा गायला. ती कुणी घेतली नाही आणि बँड मोडला. बाईंचा जीव मात्र तिच्यातच अडकला. कारण त्या कुजबुजीत दर ‘स’ला, दर ‘श’ला एक बारीक शिट्टी होती, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. त्या शिट्टीवर बाईंनी तीन दशकांच्या दुपारी काढल्या होत्या. मेण वितळत असे, दात एकेक करून ओळीत बसत, आणि ती शिट्टी खोलीभर फिरत राही.

“याच्या वरच्या दोन दातांमध्ये फट आहे,” बाई नवऱ्याला सांगत.

“अगं, तू त्याचं तोंड तरी पाहिलंयस का?” नवरा विचारायचा. पाहिलं नव्हतं. तिन्ही कॅसेटींवर खरखऱ्या तोंड मिटून उभा होता.

मग एके दिवशी दाताच्या डॉक्टरीणबाईंकडून नेहमीसारखा एक डबा आला. आत वरच्या जबड्याचा साचा, एकही दात नसलेला, आणि सोबत गिऱ्हाइकाचा तरुणपणचा फोटो. चेहऱ्याची ठेवण कळावी म्हणून असे फोटो येतातच. बाईंनी तो उजेडात धरला. उसवलेल्या बाह्यांचा, मोठ्या चौकटींचा स्वेटर. तिसऱ्या कॅसेटच्या वेष्टनावर खरखऱ्याच्या अंगात होता तोच. स्वेटरातला माणूस मनमोकळा हसत होता, आणि वरच्या दोन दातांमध्ये चांगली आगपेटीची काडी जाईल एवढी फट होती.

बाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. दिवा जळत राहिला. हातातला साचा त्यांनी इतका हळू खाली ठेवला, की जणू तो झोपला होता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन. “बाई, फोटो नुसता अंदाजासाठी हं. पेशंटला फट नकोय. दात जुळवून बसवा.”

“बरं,” बाई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. पण बाईंचं मन एक आणि हात दुसरे. पक्की कवळी करायच्या आधी दात मेणात बसवून तोंडात घालून बघतात. त्या मेणात बाईंच्या हातांनी फट ठेवली. फोटोतली नाही, कानातली. टेप लावून, ऐकत ऐकत, केसभर इकडे, केसभर तिकडे. इतकं सुंदर काम त्यांनी आजवर केलं नव्हतं, आणि हे काम चुकीचं आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलंच. “तुम्हीच या आणि तुम्हीच उत्तर द्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि बाईंना आत ढकलून बाहेरच्या पेशंटकडे गेल्या.

खुर्चीत एक थोराड माणूस बसला होता. पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं त्याचं, गळ्यात अजून मोजायची टेप लटकत होती. हातात आरसा.

“फट कोणी ठेवली?” त्याने विचारलं. मेणातले दात तोंडात होते, आणि शब्द नुसते बोललेले होते, तरी कपाट फरशीवरून सरकलं.

“मी,” बाई म्हणाल्या. “तिसऱ्या कॅसेटमध्ये ऐकू येते. ‘उरलेलं पाणी’मध्ये. मी रोज ऐकते.”

त्याने आरसा मांडीवर ठेवला. “ती कॅसेट आहे अजून कुणाकडे?”

“माझ्याकडे आहे. दोन झिजल्या, ही तिसरी.”

“मी एकदाही ऐकलेली नाही,” तो म्हणाला. “त्या शिट्टीमुळेच. लहानपणापासून हसायचे सगळे. म्हणून तर मी ओरडायचो, बाई. ओरडलं की शिट्टी ऐकू येत नाही. लोकांना वाटायचं, याच्या आत केवढा राग आहे. राग कसला डोंबलाचा! तापात ओरडता आलं नाही आणि सगळी लाज टेपवर उतरली.”

ज्या आवाजावर बाईंनी आयुष्यभर जीव टाकला, तो त्या माणसाच्या मते त्याचा फजितवडा होता. त्यांना त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग नुसतं वाईट वाटलं.

“मला खूप आवडते ती शिट्टी,” त्या अखेर म्हणाल्या. “राहू दे ना. एवढी एक फट.”

त्याने मान हलवली. “दात सगळे गेले तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं. आता जुळलेले मिळतील. मला एकदा हळू गाऊन बघायचंय. ताप नसताना.”

बाईंनी मेणातले दात कागदात गुंडाळून परत नेले.

त्या दुपारी बाईंनी टेप लावली नाही. सुरी दिव्यावर तापवली, मेण सैल केलं आणि समोरचा एक दात सरकवला. एक सरकवला की शेजारच्यालाही सरकावं लागतं, मग त्याच्या शेजारच्याला. पुढचे सगळे दात त्यांनी पुन्हा बसवले. फट मिटली. खोली कधी नव्हे इतकी शांत होती आणि भिंतीवरचे जबडे कशाची तरी वाट बघत असल्यासारखे वाटत होते. नवऱ्याने हाक मारली, तीही या वेळी पहिल्या फटक्यात ऐकू आली.

“अगं, रडतेयस का?”

“हो,” बाई म्हणाल्या, “आणि चहा टाका.”

पक्की कवळी द्यायला बाई स्वतः गेल्या. त्याने ती घातली, आरशात बघितलं, ओठ मिटले, उघडले. मग खुर्चीतच मान मागे टेकून, डोळे मिटून हळूच गायला लागला. बाईंना गाणं ओळखू येईना. तीनही कॅसेटींत ते नव्हतं. शिट्टी नव्हती. ‘स’ साधा सरळ येत होता, कुणाचाही येतो तसा. बाईंचा खरखऱ्या गेला होता आणि त्याला त्यांनीच घालवलं होतं. आणि तरी त्यांना जागचं हलवत नव्हतं, कारण समोर एक अनोळखी माणूस कसलीही लाज न बाळगता गात होता.

मध्येच तो थांबला आणि त्याने डावा गाल चाचपला. “इथे जरा टोचतंय.”

“काढा, घासून देते,” बाई सवयीने म्हणाल्या आणि हात पुढे केला. मग तो हात त्यांनीच मागे घेतला.

“नको, राहू द्या तोंडात. आधी गाणं पुरं करा.”